ग्रुपवर टाकलेली सूचना लोकांपर्यंत पोहोचत नाही: तपासणी कुठून सुरू करावी

लक्षणे

वस्तीच्या, इमारतीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांना एक तक्रार वारंवार ऐकावी लागते: 'आम्हाला कोणी कळवलेच नाही.' त्यावरचे उत्तरही ठरलेले असते: 'ग्रुपवर टाकले होते की.' बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. टाकणाऱ्याने टाकलेले असते, वाचणाऱ्याला ते दिसलेले नसते, आणि बिघाड या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. असे अनेक ग्रुप मार्गी लावताना जो क्रम उपयोगी पडला, तो येथे मांडला आहे.

बिघाडाची लक्षणे साधारणपणे अशी दिसतात. बैठकीची वेळ दोन दिवस आधी कळवलेली असूनही निम्मे लोक चुकीच्या वेळी येतात. एका प्रश्नाचे उत्तर दिल्यानंतर तासाभरात तोच प्रश्न दुसरे कोणी विचारते. ठरावीक चार-पाच माणसेच बोलतात आणि बाकीचे कधीच काही लिहीत नाहीत. जुनी सूचना नवी म्हणून फिरते. चुकीची बातमी सगळीकडे जाते, तिची दुरुस्ती मात्र कोणाला माहीत नसते. काही सदस्य न सांगता ग्रुप सोडून जातात. यांपैकी एखादेच लक्षण असेल, तर पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच काम होण्याची शक्यता मोठी असते. तीन-चार लक्षणे एकत्र दिसत असतील, तर दोष बहुधा ग्रुपच्या रचनेतच असतो. तरीही सुरुवात सोप्या तपासणीनेच करावी, कारण रचना बदलताना लोकांना त्रास होतो आणि तो विनाकारण देऊ नये.

पहिली तपासणी: संदेश कुठे अडला

स्वतः टाकलेला संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडावी. कोणाच्या फोनपर्यंत तो पोहोचला आणि कोणी वाचला, अशा दोन याद्या तेथे दिसतात. यासाठी काही खर्च नाही आणि कोणाला काही विचारावेही लागत नाही, म्हणून ही तपासणी सर्वांत आधी. तिच्यामुळे प्रश्न तीन भागांत विभागला जातो: संदेश फोनपर्यंत गेलाच नाही, गेला पण उघडला नाही, किंवा उघडला पण लक्षात राहिला नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि हा भेद न करता केलेली धावपळ वाया जाते.

संदेशाखालच्या टिकच्या खुणा वाचताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ग्रुपमध्ये दोन राखाडी खुणा तेव्हाच येतात, जेव्हा संदेश प्रत्येक सदस्याच्या फोनवर पोहोचलेला असतो. त्यामुळे एखाद्याचा फोन बंद असला, तरी सगळ्यांसाठी एकच खूण दिसत राहते आणि त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नसते. एखाद्याने वाचल्याची निळी खूण बंद केलेली असली, तरी ती सेटिंग ग्रुपला लागू होत नाही, म्हणून ग्रुपमधील यादीवर त्या बाबतीत भरवसा ठेवता येतो. मात्र यादीत 'वाचले' असे दिसणे म्हणजे प्रत्यक्षात वाचले, असे नव्हे. न वाचलेले ऐंशी संदेश साचलेले असताना कोणी ग्रुप उघडून झरझर खाली सरकले, तर त्या ऐंशींमधील आपली सूचनाही वाचलेल्यांच्या यादीत जाते. 'ब्लू टिक आली आहे, मग आता कसे म्हणता की माहीत नाही?' असा वाद घालण्यापूर्वी हे आठवावे.

दुसरी तपासणी: सूचनेची भाषा

संदेश उघडला गेला आहे पण लक्षात राहिलेला नाही, असे दिसल्यास सूचनेचा मजकूर पाहावा. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचे फक्त सुरुवातीचे काही शब्द दिसतात आणि पुष्कळ लोक तेवढेच वाचून पुढे जातात. आता ही सूचना पाहा: 'सर्वांना कळविण्यात येते की, देखभालीच्या कामामुळे उद्या सकाळी पाणीपुरवठा होणार नाही, तरी सर्वांनी सहकार्य करावे.' पहिल्या ओळीत कामाचे काहीच नाही. त्याहून घातक शब्द आहे 'उद्या'. हा संदेश कोणी दुसऱ्या दिवशी वाचला किंवा पुढे पाठवला, की 'उद्या' एक दिवस पुढे सरकतो. जुनी सूचना नवी म्हणून फिरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

तीच सूचना अशी लिहावी: 'मंगळवार, १४ तारीख, सकाळी ६ ते ११ पाणी बंद. फक्त पूर्वेकडील दोन इमारतींसाठी. सोमवारी रात्री पाणी भरून ठेवावे. पाणीपुरवठा विभागाच्या आजच्या पत्रावरून.' वार आणि तारीख दोन्ही आहेत, कोणाला लागू ते आहे, काय करायचे ते आहे आणि माहिती कुठून आली तेही आहे. शेवटी लिहिणाऱ्याचे नाव घालावे, कारण संदेश पुढे गेला की पाठवणाऱ्याचे नाव त्याच्यासोबत जात नाही.

पत्राचा फोटो काढून नुसताच टाकणे ही सवय बरीच पसरलेली आहे. डेटा वाचवण्यासाठी ज्यांनी फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद ठेवली आहे, त्यांना तो धूसर दिसतो. पत्रातील शब्द टाकून ग्रुपमध्ये शोध घेतला, तरी तो फोटो सापडत नाही. ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्यासाठी तर तो नसल्यासारखाच असतो. फोटो पुरावा म्हणून जरूर द्यावा, पण त्याच्याखाली चार ओळींचा मजकूर हवाच. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी त्याच मजकुराचा छोटा आवाजी संदेश जोडावा.

मजकुरात चूक राहिली, तर पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत संदेश संपादित करता येतो. ही सोय २०२३ पासून आहे. ती शुद्धलेखनासाठी ठीक आहे. वेळ किंवा ठिकाण बदलले असेल, तर मात्र स्वतंत्र नवा संदेश टाकावा, कारण ज्यांनी आधी वाचले ते मागे जाऊन पुन्हा पाहत नाहीत, आणि जी प्रत दुसरीकडे पाठवली गेली ती जुनीच राहते.

तिसरी तपासणी: ग्रुपच्या दोन सेटिंग्ज

पहिली सेटिंग संदेश आपोआप नाहीसे होण्याची. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर ठेवता येते. कोणीतरी जागा वाचवण्यासाठी ती ७ दिवसांवर ठेवलेली असते आणि पुढच्या महिन्यातील कार्यक्रमाची सूचना आठवड्याने पुसली जाते. 'सूचना होती, आता दिसत नाही' अशी तक्रार आली, की आधी येथे पाहावे.

दुसरी सोय पिन करण्याची. महत्त्वाचा संदेश ग्रुपच्या माथ्यावर २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येतो. एकाच वेळी तीनपर्यंत संदेश पिन करता येत असले, तरी सहसा एकच करावा. तिन्ही जागा कायम भरलेल्या असल्या, की लोकांची नजर त्यांवरून घसरते. पिन कोणी करावी, हे ॲडमिनपुरते मर्यादित ठेवावे.

चौथी तपासणी: ज्यांना कळत नाही त्यांचा फोन

संदेश फोनवर पोहोचलेलाच नसेल, किंवा पोहोचून दिवस दिवस न उघडलेला राहत असेल, तर प्रत्यक्ष भेटून फोन पाहावा लागतो. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा, सेटिंग त्यांनीच बदलावी, आपण शेजारी बसून सांगावे. दुसऱ्याच्या फोनमध्ये खासगी बरेच काही असते.

एक साधी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते. त्यांना फोन कुलूपबंद करून टेबलावर ठेवायला सांगावे आणि आपल्या फोनवरून ग्रुपवर एक छोटा संदेश टाकावा. फोन वाजला नाही, पण संदेशाच्या माहितीत त्यांचे नाव पोहोचलेल्यांच्या यादीत लगेच आले, तर संदेश जातो आहे, फक्त आवाज बंद आहे. अशा वेळी ग्रुप म्यूट केलेला आहे का, संग्रहात (आर्काइव्ह) टाकलेला आहे का, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ॲपला सूचना दाखवण्याची परवानगी आहे का, हे पाहावे. म्यूट आठ तासांसाठी, एका आठवड्यासाठी किंवा कायमचे करता येते आणि 'कायमचे' निवडल्याचा बहुतेकांना विसर पडलेला असतो. संग्रहात टाकलेला ग्रुप नवा संदेश आला तरी मूळ सेटिंगप्रमाणे वर येत नाही, त्यामुळे तो नजरेआडच राहतो.

याउलट, ॲप उघडल्यावरच संदेश धडाधड येऊ लागले आणि त्यानंतरच त्यांचे नाव यादीत आले, तर फोन ते ॲप मागे चालू ठेवत नाही, असे समजावे. बॅटरी वाचवण्याची सोय किंवा पार्श्वभूमीतील डेटावरचे बंधन त्या ॲपपुरते काढले, की हा दोष जातो. फोनची जागा पूर्ण भरलेली असल्यासही संदेश अडतात. असे असेल, तर नको असलेले जुने व्हिडिओ काढायला सांगावे.

पाचवी तपासणी: सदस्यांची यादी

हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. घरांची किंवा कुटुंबांची यादी एका बाजूला आणि ग्रुपमधील क्रमांक दुसऱ्या बाजूला ठेवून ताडून पाहावे. क्रमांक बदलताना ॲपमधील क्रमांक बदलण्याची सोय वापरली, तर ग्रुपही नव्या क्रमांकावर येतात. नव्या क्रमांकावर थेट नवे खाते उघडले, तर ग्रुपमध्ये जुनाच क्रमांक राहतो आणि ती व्यक्ती ग्रुपमध्ये आहे असा सगळ्यांचा समज होतो. बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, म्हणून जुने क्रमांक काढून टाकणे सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.

काहींनी आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते यावर मर्यादा घातलेली असते. त्यांना जोडण्याचा प्रयत्न केला, की त्यांच्याकडे फक्त आमंत्रण पाठवता येते आणि ते तीन दिवसांत स्वीकारले नाही तर बाद होते. ग्रुप सोडणाऱ्यांची वार्ता ऑगस्ट २०२२ पासून फक्त ॲडमिनना दिसते, म्हणून गळती मोजण्याचे कामही ॲडमिनचेच आहे. मोठ्या गावासाठी एकच ग्रुप असेल, तर १,०२४ सदस्यांची मर्यादा भरली आहे का, तेही पाहावे.

काहीजण ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय, वापरतात. तिच्यात २५६ क्रमांक बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा क्रमांक जतन केलेला आहे, त्यांनाच तो संदेश मिळतो. इतरांना तो मिळत नाही आणि मिळाला नाही हे त्यांना कळतही नाही.

यादी ताडताना ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, अशी माणसे हमखास सापडतात, आणि बहुतेकदा पाणी, वीज किंवा औषधोपचाराची बातमी ज्यांना सर्वांत आधी मिळायला हवी तीच असतात. त्यांच्यासाठी सेटिंग कामाची नाही. प्रत्येकाच्या नावापुढे त्यांना फोन करणाऱ्या किंवा दार ठोठावणाऱ्या एका शेजाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.

सहावी तपासणी: गर्दी

वरचे सगळे करूनही सूचना हरवत असतील, तर कारण एकच उरते. कामाच्या गोष्टी आणि बाकीच्या गप्पा एकाच ठिकाणी चालल्या आहेत. वारंवार बिघडणाऱ्या ग्रुपमध्ये मला मूळ दोष बहुतेक वेळा हाच दिसला आहे. दिवसभरात सुप्रभाताची चित्रे, अभिनंदनाचे अंगठे, राजकीय व्हिडिओ आणि त्यांवरील वाद येत राहिले, की माणूस वैतागून ग्रुप म्यूट करतो. तो दोषी नाही, त्याने स्वतःचा दिवस वाचवला. पण त्या एका कृतीने पाणी बंद असल्याची सूचनाही त्याच्यासाठी मुकी झाली. म्हणूनच लोकांना 'म्यूट काढा' अशी विनंती करून काही साध्य होत नाही. आवाज सुरू ठेवावा असे वाटण्यासारखी जागा त्यांना द्यावी लागते.

उपाय असा की सूचनांसाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा ग्रुप ठेवावा आणि गप्पांसाठी वेगळा. २०२२ मध्ये आलेल्या कम्युनिटी या सोयीत घोषणांचा ग्रुप आणि त्याखाली इतर ग्रुप अशी रचना तयारच मिळते. २०२३ मध्ये आलेले चॅनेल एकतर्फी असते आणि त्यात अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. जेथे लोक एकमेकांना ओळखत नाहीत आणि क्रमांक उघड होण्याची भीती आहे, तेथे चॅनेल बरे. जेथे कोणी वाचले आणि कोणी नाही हे पाहून मागे लागायचे आहे, तेथे ग्रुपच हवा. छोट्या वस्तीसाठी मी नेहमी ग्रुपच सुचवतो.

रचना बदलणे दोन मिनिटांचे काम आहे, ती टिकवणे अवघड आहे. सूचनांच्या ग्रुपवर ॲडमिननेही शुभेच्छा, वाढदिवस, फोटो टाकू नयेत. एकदा सूट दिली, की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. ॲडमिन किमान तीन असावेत आणि ते वेगवेगळ्या वेळी उपलब्ध असणारे असावेत. सदस्याने कळवलेली महत्त्वाची गोष्ट ॲडमिनने पाच तासांनी टाकली, तर लोक कंटाळून ती गप्पांच्या ग्रुपवर टाकू लागतात आणि सगळे पुन्हा मूळ पदावर येते. नियम मोडणाऱ्याला ग्रुपवर सर्वांसमोर सुनावू नये. खासगी संदेशात सौम्यपणे सांगावे. सर्वांसमोर बोलणी खाल्लेला माणूस दुखावतो आणि त्याच्यासोबत त्याचे चार नातेवाईकही ग्रुप सोडतात. आणि प्रत्येक नव्या विषयासाठी नवा ग्रुप काढण्याचा मोह टाळावा. सूचना चार ठिकाणी विभागली गेली, की कोणत्याही एका ठिकाणी ती पूर्ण सापडत नाही.

फेसबुक पानाबाबत थोडक्यात. पानाचे अनुयायी म्हणजे वाचक नव्हेत. कोणाला काय दिसावे हे तेथील क्रमवारी ठरवते, आणि जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने पानांपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले. तीन दिवसांपूर्वीची सूचना आज वर आलेली दिसते, ती या क्रमवारीमुळेच. कार्यक्रमांचे फोटो आणि नोंदी यांसाठी पान चांगले आहे. आजच्या आज कळायला हवे असे काहीही केवळ पानावर टाकून थांबू नये.

सातवी तपासणी: विश्वास

संदेश पोहोचतो, वाचलाही जातो, तरी लोक त्यावर वागत नाहीत, ही शेवटची आणि सर्वांत कठीण अवस्था. बहुधा त्या ग्रुपवर आधी दोन-चार खोट्या बातम्या येऊन गेलेल्या असतात. येथे सेटिंगचा उपयोग नाही, शिस्त लागते. सूचना टाकण्यापूर्वी संबंधित कार्यालयाला किंवा प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसाला एक फोन करावा. अनेकदा पुढे पाठवल्याची खूण असलेला संदेश किमान पाच हातांतून आलेला असतो. तो खोटाच असतो असे नाही, पण तो कोणी सुरू केला हे सांगता येत नाही, म्हणून सूचनांच्या ग्रुपवर त्याला जागा देऊ नये. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, तो याच कारणासाठी.

चूक झालीच, तर संदेश गुपचूप पुसून मोकळे होऊ नये. सर्वांसाठी पुसण्याची मुदत साधारण अडीच दिवसांची असते आणि इतर ठिकाणी गेलेल्या प्रती त्यानंतरही फिरतच राहतात. दुरुस्ती अशी लिहावी की ती एकटीच पुढे गेली तरी समजेल: 'शाळा सोमवारी बंद आहे, असा जो संदेश फिरत आहे तो चुकीचा आहे. शाळेच्या कार्यालयाशी शनिवार, १८ तारखेला दुपारी बोलणे झाले. सोमवार, २० तारखेला शाळा नेहमीच्या वेळेत भरेल.' मूळ चुकीच्या संदेशालाच उत्तर म्हणून ती टाकावी आणि एक दिवस पिन करावी. केवळ 'वरील संदेश चुकीचा आहे' असे लिहिले, तर 'वरील' म्हणजे कोणता, हे पुढच्या ग्रुपवर कोणालाही कळत नाही.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

एखाद्या सदस्याच्या क्रमांकावरून अचानक पैशांची मागणी झाली किंवा कोणी सहा अंकी कोड मागू लागले, तर खाते बळकावले गेले आहे असे धरून चालावे. तो क्रमांक ताबडतोब ग्रुपमधून काढावा, त्या व्यक्तीला साधा फोन करावा आणि स्वतःच्या सिमवर व्हॉट्सॲपची पुन्हा नोंदणी करायला सांगावे. नोंदणी झाली की दुसरीकडचे खाते बंद होते. चोराने मध्ये खात्याला स्वतःचा पिन (गुप्त अंक) लावून ठेवला असेल, तर ७ दिवस थांबावे लागते. पैसे गेले असतील, तर त्याच दिवशी बँक आणि सायबर पोलिस यांच्याकडे जावे. खाते सोडवून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला काहीही देऊ नये.

धमकी, दंगलीची चिथावणी, कोणाचा अश्लील फोटो, लहान मुलांबद्दलचा आक्षेपार्ह मजकूर यांपैकी काही ग्रुपवर आले, तर ॲडमिनने चौकशी अधिकाऱ्याची भूमिका घेऊ नये. कोणी, कधी, कोणत्या क्रमांकावरून टाकले याची नोंद ठेवावी, तो मजकूर कोणालाही पुढे पाठवू नये, आणि पोलिसांकडे जावे. कायदेशीर नोटीस आली, तर उत्तर वकिलाने लिहावे.

फोनबाबत मर्यादा अशी. चौथ्या तपासणीनंतरही एकाच ॲपचे संदेश येत नसतील, तर ॲप अद्ययावत करून पाहावे. ते काढून पुन्हा टाकण्याची वेळ आली आणि जुन्या संदेशांची प्रत जतन झाली आहे याची खात्री नसेल, तर तेथेच थांबून जाणकाराला दाखवावे, कारण गेलेले फोटो परत आणता येत नाहीत. कोणत्याच ॲपचे संदेश वेळेवर येत नसतील, तर प्रश्न ग्रुपचा नसून फोनचा किंवा नेटवर्कचा आहे आणि तो दुरुस्ती केंद्राकडे किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडे न्यावा.

आग, पूर, अपघात किंवा कोणाची प्रकृती बिघडणे, अशा वेळी ग्रुपवर लिहिण्यापूर्वी आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. तो लागल्यावर ग्रुपवर ठिकाण, वेळ आणि मदत बोलावली आहे एवढेच लिहावे, म्हणजे दहाजण पुन्हा तोच फोन करणार नाहीत आणि रस्ता मोकळा ठेवण्यासाठी कोणीतरी खाली उतरेल.